हळदीकुंकवातली चिप

ऋग्वेदाने तिळाच्या वड्यांचा डबा मीटिंगरूमच्या टेबलावर ठेवला, झाकण उघडलं, आणि घोळ झाला तो तिथेच. डबा नुसता फिरवला असता तर काही बिघडत नव्हतं. पण वड्यांबरोबर थोडी गंमतही वाटावी असं तिला वाटलं.

“आमच्या वाडीतल्या हळदीकुंकवाच्या आहेत,” ती म्हणाली. “आणि ऐका ना, आमच्या सासूबाईंनी काय केलं असेल? माइक घेतला आणि माझ्या चिपवर भाषण ठोकलं! उखाणे चालले होते, त्यांच्या मध्येच!”

सगळे हसले. सुमेधा मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. कंपनीच्या पेटंटचं सगळं काम त्यांच्याकडे. अर्धी वडी तोंडात, अर्धी हातात, अशा त्या थांबल्या.

“चिपवर म्हणजे नक्की कशावर?”

“आपल्याच. म्हणजे माझी ती युक्ती आहे ना, वीज वाचवायची, त्यावर. फार नाही, दोन-तीन मिनिटं बोलल्या.”

“कधी?”

“रविवारी.”

“आणि आपला अर्ज कधी जातोय?”

“शुक्र...” एवढंच ऋग्वेदा म्हणाली.

या धंद्याची रीतच मोठी मजेशीर आहे. चिप अजून कारखान्यातून यायची असते, पण तिचं बारसं थाटामाटात होऊन जातं, आणि ते बघून शेजारी आपल्या बाळाचं बारसं आणखी अलीकडे ओढतात. लोअर परळमधल्या या छोट्या कंपनीने आपल्या चिपचं नाव ‘टिटवी’ ठेवलं होतं आणि ती शुक्रवारी जाहीर करायची असं दिवाळीपासून ठरलं होतं. बंगळूरच्या कंपनीने परवा सोमवारीच ‘गरुड’ जाहीर करून टाकली. सगळ्यात कमी वीज खाणारी चिप, असं चार वेळा सांगितलं, चित्रं दाखवली, आलेख दाखवले. ती वीज कमी कशी खाते, एवढं मात्र बेमालूम वगळलं. ते कोणीच सांगत नाही. ते आधी पेटंटच्या अर्जात जातं, आणि ज्याचा अर्ज पुढे त्याची युक्ती.

त्यातही अट अशी की युक्ती कोरी करकरीत हवी. अर्ज जाईपर्यंत ती बाहेर कोणाच्या कानावर पडलेली चालत नाही. सुमेधा मॅडम दर सहा महिन्यांनी सगळ्या इंजिनीअरांना बसवून हे ऐकवत. परिषदेत बोलू नका, टॅक्सीत फोनवर बोलू नका, कॉलेजच्या मित्रांत फुशारक्या मारू नका. हळदीकुंकवाचं त्यांना कधी सुचलं नव्हतं, आणि आता त्याचाच त्यांना राग येत होता.

“अहो, पण गिरगावातली एक वाडी,” सिद्धांत म्हणाला. तो टीमचा प्रमुख. “तिथल्या बायकांनी ऐकलं, वाण घेतलं, घरी गेल्या. कोणाला कळणार आहे?”

“कळणं-बिळणं सोड. कायदा विचारतो की सांगणारीने काय सांगितलं, आणि ते ऐकून या धंद्यातल्या माणसाला ते बनवता आलं असतं का. ऐकायला कोण बसलं होतं, हे तो विचारत नाही.” मग त्या ऋग्वेदाकडे वळल्या. “तरी, होतं कोण कोण?”

“वाडीतल्याच सगळ्या. मानसीताई, जाईबाई, कांतामावशी...” ऋग्वेदाने जीभ चावली. “कांतामावशींचा जावई बंगळूरला असतो.”

“कुठे?”

“‘गरुड’वाल्यांकडेच,” ऋग्वेदा म्हणाली. सिद्धांतने हातातली वडी डब्यात परत ठेवली.

“ती युक्ती गेली,” तो म्हणाला, “तर टिटवीत सांगण्यासारखं उरतं तरी काय?”

ऋग्वेदाचं हे पहिलं पेटंट. अर्जावर संशोधकांची तीन नावं होती आणि त्यांत पहिलं तिचं. दोन वर्षं तिने त्या एका युक्तीपायी डोकं फोडून घेतलं होतं, कितीदा वाटलं होतं की नाद सोडावा. आता तीच युक्ती बिनकामाची ठरायची, आणि ती कशाने, तर सासूबाईंच्या कौतुकाने! रागवावं तर कोणावर, हेही तिला कळेना.

“काकू आत्ता घरी असतील ना?” सुमेधा मॅडमनी पर्स उचलली. “चल. त्या काय बोलल्या ते त्यांच्याच तोंडून ऐकू. फोनवर नको, फोनवर माणसं थोडक्यात सांगतात.”

टॅक्सीत बसल्यावर सुमेधा मॅडमनी विचारलं, “तू त्यांना सांगितलं होतंस काय, ते तरी आठवतंय का?”

ऋग्वेदाने पुष्कळ आठवून पाहिलं. संक्रांतीच्या आधीची संध्याकाळ होती, एवढं आठवत होतं. आई ओट्यापाशी तीळ भाजत होत्या. त्यांनी विचारलं होतं, “तू नक्की करतेस तरी काय गं तिथे? मला एकदा नीट सांग ना.” आणि तिने सांगितलं होतं. काहीतरी सांगितलं होतं खास. आई लक्ष देऊन ऐकत होत्या, हेही आठवत होतं. पण आपण काय बोललो ते काही केल्या आठवेना. ऑपेरा हाऊसचा सिग्नल सुटला, टॅक्सी गल्लीत शिरली, तरी नाही.

सासूबाईंना, म्हणजे बेबीताईंना, मात्र सगळं आठवत होतं. त्यांना सगळं आठवतं, हीच तर त्यांची ख्याती. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत त्यांनी स्टेनोग्राफर म्हणून सगळी नोकरी काढली. साहेब एका दमात पानभर मजकूर सांगायचे आणि बेबीताई तो कानामात्रेचा फरक न करता टाइप करून समोर ठेवायच्या. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी सवय जाते कुठे? लग्नात कोण कोणाला काय बोललं याचा वाद निघाला की वाडीतली माणसं अजून त्यांच्याकडे येत.

सुनेच्या ऑफिसातली एवढी मोठी बाई आपलं भाषण ऐकायला घरी आली, म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला की ऋग्वेदाला बघवेना. अशा वेळी ‘आई, घोटाळा झालाय’ असं कोण म्हणणार? तिने नुसतंच म्हटलं, “सुमेधा मॅडमना ऐकायचंय, तुम्ही रविवारी काय बोललात ते.”

“अय्या, खरंच?” बेबीताईंनी पदर सारखा केला. “अहो, बसा ना. चहा टाकते. साखर चालते ना तुम्हाला?”

“चहा नंतर, काकू. आधी भाषण. कोणी व्हिडिओ काढला होता का?”

“उखाण्यांचे काढलेत की सगळ्यांनी! भाषणाचा कोण काढतंय? भाषण लागलं की बायका प्लेटी भरायला उठतात. पण माझ्या वेळेला बसून राहिल्या हो. मानसीने तर दोन प्रश्न विचारले.”

“कोणते प्रश्न?” सुमेधा मॅडम चटकन म्हणाल्या.

“एक म्हणजे पगार किती. तो मी सांगितला नाही. आणि दुसरा, हिच्या कंपनीत तिच्या मुलीला लावून घेतील का.”

सुमेधा मॅडम हसल्या, पण ओढून ताणून. “बरं. आता अगदी जसंच्या तसं बोलून दाखवा. एक शब्दही इकडचा तिकडे नको.”

हे काही बेबीताईंना सांगायला नको होतं. त्या उठल्या, खुर्ची मागे सारली, टेबलाच्या कडेवर दोन बोटं टेकवून उभ्या राहिल्या. ऋग्वेदा दाराच्या चौकटीला टेकली.

“‘भगिनींनो, आज एका सुनेची ओळख करून देते. योगायोगाने ती माझीच आहे.’ इथे हशा झाला. ‘आमची ऋग्वेदा चिप बनवते. चिप म्हणजे काय? तर नखाएवढं घर समजा. त्या घरात पुष्कळ खोल्या. आता ज्या खोलीत कोणी नाही, तिथला दिवा आणि पंखा आपण काय करतो? बंद करतो. का, तर बिल कमी यावं. पण आपल्याला उठून जावं लागतं. हिच्या चिपमध्ये कोणाला उठावं लागत नाही. रिकाम्या खोलीतला दिवा घर आपलं आपण बंद करतं. म्हणून बॅटरी जास्त टिकते. ही युक्ती माझ्या सुनेने शोधून काढली. मी तिला म्हटलं, अगं, हे तर मी तुझ्या नवऱ्याला जन्मभर सांगत आले, दिवा बंद कर म्हणून!’ परत हशा. ‘तर अशी आमची ऋग्वेदा. धन्यवाद.’ मग टाळ्या.”

त्या खाली बसल्या. सुमेधा मॅडम पुढे झुकल्या.

“पुढे?”

“पुढे मसाला दूध.”

“तसं नाही. ऋग्वेदाने तुम्हाला जे सांगितलं होतं, ते एवढंच? की याहून जास्त होतं आणि तुम्ही थोडं गाळलंत?”

“गाळलं ना,” बेबीताई म्हणाल्या. “शेवटचं गाळलं.”

सुमेधा मॅडमनी ऋग्वेदाकडे एकदा पाहिलं.

“शेवटचं काय होतं, काकू?”

“ती म्हणाली, ‘एवढंच आहे हो आई. बाकीचं किचकट आहे, जाऊ दे.’ आता हे कुठे माइकवर सांगणार?”

मग सुमेधा मॅडम खो खो हसत सुटल्या. हसता हसता त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, परत हसल्या. माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरलं की तो असाच हसतो. ऋग्वेदालाही हायसं वाटलं. ती खुर्चीवर बसली.

“काकू, तुम्ही वाचवलंत आम्हाला! तुम्ही काही म्हणजे काही फोडलेलं नाही. अहो, रिकाम्या खोलीतला दिवा बंद करायचा, हे तर आम्ही कॉलेजात होतो तेव्हाही जगभर सगळे करायचे. यात नवीन काय आहे?”

“काही नाही?” बेबीताईंनी विचारलं.

“अजिबात काही नाही!”

“म्हणजे ही युक्ती हिची नाही?”

“छे हो. हिची वेगळीच आहे. ही ती नव्हेच.”

सुमेधा मॅडमनी तोवर सिद्धांतला फोनही लावला होता, स्पीकरवर. “ऐक, काही झालेलं नाही. हिने सासूबाईंना सगळं सांगितलं आणि काहीच सांगितलं नाही. याला म्हणतात ट्रेनिंग! पण आता शुक्रवारची वाट बघायची नाही. मी ऑफिसला पोचते, आजच अर्ज टाकते.”

“वा, ऋग्वेदा!” फोनमधून सिद्धांतचा आवाज आला. “सांभाळून बोललीस हं. मानलं तुला. मी असतो तर घरी सगळं ओकून मोकळा झालो असतो.”

टेबलावर तिळाचा एक दाणा पडला होता, तो ऋग्वेदा बोटाने पुढे मागे करत बसली. आई स्वयंपाकघरात गेल्या होत्या. कपबश्यांचा आवाज येत होता, पण नेहमीसारखं गुणगुणणं नव्हतं.

चहा झाला. सुमेधा मॅडम निघाल्या, तर बेबीताईंनी त्यांना दारात थांबवलं. रथसप्तमी व्हायची होती, घरी आलेली बाई तशीच कशी जाईल? त्यांनी हळद लावली, कुंकू लावलं, मनगटाला अत्तर लावलं, वड्या दिल्या आणि वाणाचं चहाचं गाळणंही दिलं. सगळं अगदी रीतीने. फक्त बोलल्या काही नाहीत, आणि एरवी हे सगळं चालू असताना त्या एकशे एक गोष्टी बोलतात.

मग दोघीच उरल्या. ऋग्वेदाने कपडे बदलले. कांदे चिरायला घेतले. बेबीताईंनी आमटीला फोडणी दिली, कणीक मळली, मळून झालेली कणीकही पुन्हा थोडी मळली.

सात वाजून गेल्यावर ऋग्वेदाचा फोन वाजला. सुमेधा मॅडमचा निरोप होता. अर्ज दाखल झाला, नंबरही आला.

“आई, अर्ज गेला.”

“छान झालं हो,” बेबीताई म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. तिच्या डोक्यावरून ओल्या हाताची पालथी बाजू मायेने फिरवली. मग परत ओट्याकडे वळल्या.

थोड्या वेळाने पाठमोऱ्याच म्हणाल्या, “कंपनीचं गुपित होतं. म्हणूनच नाही सांगितलंस ना मला?”

उत्तर आयतं समोर होतं. सुमेधा मॅडमनी ते तयार करून ठेवलं होतं, सिद्धांतने त्यावर शाबासकीचा शिक्काही मारला होता. आता आईसुद्धा तेच पुढे करत होत्या, बस म्हणून पाट सरकवावा तसं. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. आमटी उकळली असती, विक्रांत, तिचा नवरा, घरी आला असता, सगळे हसले असते आणि वर्षानुवर्षं ही गोष्ट लोकांना सांगत राहिले असते.

ऋग्वेदाने सुरी खाली ठेवली.

“नाही आई. तेव्हा गुपिताचं माझ्या डोक्यातही नव्हतं. मला वाटलं, तुम्हाला काय कळणार. आणि खरं सांगू? तेवढाही विचार मी केला नव्हता. मी फोनवर काहीतरी बघत होते.”

बेबीताईंनी गॅस बारीक केला. पळी पातेल्यावर आडवी ठेवली. ऋग्वेदाला वाटलं, आता या रडतील, नाहीतर चिडतील तरी. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, असंही तिला वाटलं.

“अख्ख्या वाडीसमोर मी भलतंच काहीतरी सांगून आले,” बेबीताई म्हणाल्या.

“सॉरी, आई.”

“सॉरी राहू दे.” त्यांनी हात पुसले, स्टूल ओढलं आणि तिच्या समोर येऊन बसल्या. “माझी पण चूक आहेच. ऑफिसात साहेब भरभर बोलून मोकळे झाले की मी वही पुढे करून म्हणायचे, ‘परत सांगा सर, नीट सांगा.’ सगळे घाबरायचे त्यांना, मी नाही घाबरायचे. आणि घरात आपल्या मुलीला म्हणायला जीभ रेटली नाही. तू थकून आलेली असतेस. अर्ज गेला ना? आता मला सांगितलं तर चालतं?”

“आता चालतं. फक्त बाहेर कुठे नको, शुक्रवारी घोषणा होईपर्यंत.”

“कांताचं हळदीकुंकू शनिवारी आहे. मला तिथे चूक सुधारायचीय. माइकवर.”

ऋग्वेदाला हसू फुटलं. बेबीताई हसल्या नाहीत. त्या गंभीरपणेच बोलत होत्या.

“बरं, सांगते,” ऋग्वेदा म्हणाली. “समजा, हे आपलं घर...”

“घर नको,” बेबीताई म्हणाल्या. “चिपचं सांग.”

मग ऋग्वेदाला कळलं की हे आपल्याला येतच नाही. इंग्रजीत, फळ्यावर, हातात मार्कर असताना ती तासभर बोलू शके. इथे, कांद्याच्या ताटापाशी, पहिल्याच वाक्याला गाडी अडली. चिपचा एक भाग झोपतो म्हणजे काय होतं, हे सांगायला आधी वीज तिथवर कशी पोचते ते सांगावं लागलं. ते सांगायला ट्रान्झिस्टर सांगावा लागला. बेबीताई मध्येच हात वर करत, “थांब. परत सांग,” म्हणत, आणि ती परत सांगे. दुसऱ्या खेपेला ते तिलाच जरा जास्त नीट कळे, याची तिची तिलाच गंमत वाटली.

“बंद करणं सोपं आहे, आई. ते सगळ्यांनाच येतं. बंद केलेला भाग पुन्हा चालू करणं कठीण.”

“का?”

“तो एकदम भसकन वीज ओढतो. मग शेजारच्या भागाला कमी पडते आणि तो चुकतो. त्यामुळे सगळ्यांना थांबावं लागतं. जेवढी वीज वाचवली त्यातली अर्धी यातच जाते.”

“बरं. मग?”

“मग मी असं पाहिलं की जो भाग झोपतो, त्याच्यात थोडी वीज उरलेली असते. ती आजवर तशीच वाया जायची.”

“किती उरते?”

“अगदी थोडी.”

“थोडी म्हणजे किती? आकडा असेल ना?”

ऋग्वेदाने आकडा सांगितला. बेबीताईंनी तो मनातल्या मनात एकदा म्हटला, ओठ हलले तेवढेच. मग मान डोलावली आणि स्टूल आणखी पुढे ओढलं. आमटीचा वास सगळ्या घरभर झाला होता. ऋग्वेदा मांडी घालून बसली. इतका निवांतपणा तिला कित्येक महिन्यांत वाटला नव्हता.

दार वाजलं. विक्रांत आला, चपला काढल्या, बॅग टाकली, दोघींना कांद्याच्या ताटापाशी डोकं खुपसून बसलेलं पाहिलं. या घरात त्याने लहानपणापासून एक पाहिलं होतं, तो आला की आई हातातलं काम टाकून उठायची.

“आई, भूक लागलीय सपाटून. वाढतेस?”

“आमटी गॅसवर आहे, पोळ्यांना वेळ आहे, भात घे,” बेबीताई मागे न बघता म्हणाल्या. “वाढून घे तुझं तू. आणि जरा हळू. हां, ऋग्वेदा, तर ती उरलेली वीज. ती तू दिलीस कोणाला?”